समुद्र कुणाच्या खिडकीतून दिसणार?

पुण्याहून एक वाचक लिहितात:

येत्या मे महिन्यात आम्ही पाच जण युरोपला जाणार आहोत. मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. हाताशी दहा रात्री आहेत. नवऱ्याला गाडी चालवायचं वेड. पुण्याहून कन्याकुमारीपर्यंत तो एकटा चालवत गेलाय. त्याचा बेत असा: बार्सिलोनाला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि भूमध्य समुद्राच्या कडेकडेने फ्रान्स ओलांडून इटलीतल्या अमाल्फीपर्यंत जायचं. एक्सेल शीट तयार आहे. दहा रात्री, सात हॉटेलं. सासूबाईंना घाटात गाडी लागते, शिवाय त्या पक्क्या शाकाहारी. सासरे म्हणाले, "जमलं तर मार्सेलिस बघू." शीटमध्ये मार्सेलिसपुढे 'बायपास' लिहिलंय. मी काही बोलायला गेले की "तुला हौसच नाही" हे ऐकावं लागतं. पुण्यात मी रोज गाडी चालवते, पण तिकडे नको रे बाबा! मी नकाशा धरून बसणार, वळण चुकलं की आमचं वाजणार, हे आत्ताच दिसतंय. सगळ्यांना झेपेल असा मार्ग कोणता? आणि त्याला पटवू कसं?

*

तुमचं पत्र वाचून मी आधी नकाशा उघडला, आणि मग त्यातली 'बायपास'ची ओळ पुन्हा वाचली. तिच्याकडे नंतर येते. आधी रस्त्याचं बोलू, कारण तुमच्या घरातल्या धुसफुशीचं मूळ एका समजुतीत आहे, आणि ती एकट्या तुमच्या नवऱ्याची नाही. तुमच्या पत्रातही ती आहे आणि पूर्वी माझ्याही डोक्यात होती. समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता म्हणजे समुद्र दिसणारा रस्ता, ही ती समजूत.

मुंबई-गोवा महामार्गावरून तुम्हाला समुद्र किती वेळा दिसलाय, आठवून पाहा. कोकणात समुद्र बघायचा तर महामार्ग सोडून खाली उतरावं लागतं, दाभोळच्या फेरीबोटीत गाडी चढवावी लागते, आणि मग तीस किलोमीटरला दोन तास लागले म्हणून कुणी कुरकुरत नाही. तिकडेही अगदी तसंच आहे. फ्रान्समधल्या नीसहून इटलीतल्या जेनोव्हाला जाणारा मोठा हायवे नकाशावर पाण्याला चिकटलेला दिसतो. प्रत्यक्षात तो डोंगराच्या पोटातून जातो. बोगदा, पूल, बोगदा, पूल. पुलावर दोन सेकंद निळं काहीतरी चमकतं, "तो बघ समुद्र" म्हणेपर्यंत पुढचा बोगदा. कोकण रेल्वेने गेलेल्यांना ही गंमत माहीत आहे. फरक इतकाच की रेल्वेत ड्रायव्हर आपल्या घरातला नसतो.

बार्सिलोना ते अमाल्फी हे अंतर दीड हजार किलोमीटरच्या वर आहे. दहा रात्रींत ते कापायचं तर बहुतेक वेळ हायवेवरच जाणार. त्यातला माँपेलिए ते मार्सेलिसचा पट्टा समुद्रापासून आत आहे, आणि जेनोव्हानंतर दक्षिणेला जाणारा सर्वात जलद रस्ताही पुष्कळसा आतूनच जातो. म्हणजे भूमध्य समुद्राच्या सहलीत टोलनाके आणि पेट्रोल पंपच जास्त दिसणार. शेवटी अमाल्फी. पोझितानो ते व्हिएत्री हा पस्तीस-चाळीस किलोमीटरचा रस्ता म्हणजे एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खोल दरी, आणि समोरून बस आली की आरसे मिटून उभं राहायचं. गर्दीच्या दिवसांत तिथे खासगी गाड्यांना सम-विषम नंबरप्लेटचा नियमही लावला जातो. घाटात गाडी लागणाऱ्या सासूबाईंना घेऊन, नवव्या दिवशी, सहाव्या हॉटेलातून निघून? तुमच्या नवऱ्याला खलनायक ठरवायचं माझ्या मनात नाही, पण हा बेत त्यांनी एकट्याने कन्याकुमारीला जाणाऱ्या माणसासाठी आखलाय. गाडीत बसणार आहेत पाच.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही विचारता, मार्ग कोणता. मी विचारते, गाडी कुठवर? या किनाऱ्याचे काही तुकडे असे आहेत की गाडी नसेल तर ते बघताच येत नाहीत, आणि काही असे की गाडी म्हणजे गळ्यातली धोंड. पाच जणांच्या कुटुंबाने हे दोन प्रकार वेगळे ओळखले की अर्धं काम झालं. हॉटेलं त्यानंतर.

गाडी हवीच, असा पहिला तुकडा मार्सेलिसच्या पूर्वेला. कासी हे लहानसं बंदर, आणि तिथून ला सिओताकडे जाणारा रूत दे क्रेत, म्हणजे डोंगरमाथ्याचा रस्ता. जेमतेम पंधरा किलोमीटर. वाटेत काप कानाय हा ३९४ मीटर उंचीचा कडा थेट पाण्यात उतरलाय. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिलेल्या माणसालाही तिथे दोन मिनिटं गप्प बसावंसं वाटेल. वारा जोराचा असला किंवा वणव्याचा धोका असला की हा रस्ता बंद करतात. त्या भागात मिस्त्राल नावाचा उत्तरेचा कोरडा वारा सुटतो तेव्हा माणसाला नीट उभं राहता येत नाही. म्हणून कासीला एक नाही, दोन रात्री ठेवा. एक सकाळ वाऱ्याने खाल्ली तर दुसरी हाताशी राहते.

दुसरा तुकडा एस्तेरेलच्या डोंगरांचा. साँ-राफाएलपासून कान शहराच्या दिशेने जाणारी कॉर्निश दोर, शब्दशः 'सोनेरी कड्याचा रस्ता'. १९०३ मध्ये तो खुला झाला, तोही फ्रान्सच्या टुरिंग क्लबच्या पुढाकाराने, म्हणजे गाडीतून हवा खायला निघालेल्यांसाठीच. चाळीसेक किलोमीटर. लालभडक खडक, त्याखाली गडद निळं पाणी आणि मध्ये हिरवी झुडपं. फोटोत पाहिलं तर कुणीतरी रंग वाढवलेत असं वाटतं. दर दोन-तीन वळणांवर गाडी बाजूला घ्यायला जागा आहे. इथे दोन तास लागले तर लागू द्या.

तिसरा तुकडा नीस आणि माँताँच्या मधला. तिथे एकाच डोंगराच्या अंगावर तीन समांतर रस्ते आहेत: खालचा पाण्याजवळून, मधला एझ गावावरून, आणि सर्वात वरचा ग्रांद कॉर्निश, जो नेपोलियनने बांधवून घेतला. वरच्या रस्त्यावर ला त्युर्बी गावात रोमन सम्राट ऑगस्टसचं विजयस्मारक अजून उभं आहे आणि तिथून खाली मोनाको काड्यापेटीएवढं दिसतं. (मोनाकोच्या राजाची पत्नी, पूर्वीची अभिनेत्री ग्रेस केली, १९८२ च्या सप्टेंबरमध्ये याच डोंगरातल्या एका वळणावर गाडी कोसळून गेली. भीती घालत नाहीये. पण "आपल्याकडच्या घाटांपुढे हे काय!" असं कुणी म्हणालं तर सांगायला असू द्या.)

गाडी नको, असा भाग म्हणजे नीस शहर, मोनाको आणि त्यापुढचा, इटलीतल्या लिगुरिया प्रांताचा अख्खा किनारा. चिंक्वे तेर्रे, म्हणजे 'पाच गावं', यांचे फोटो तुमच्या नवऱ्याच्या शीटमध्ये नक्की असणार: मोन्तेरोसो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. डोंगराच्या खोबणीत बसवल्यासारखी ही रंगीत घरं १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. त्यांच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. वर कुठेतरी महागडी पार्किंग शोधून पायऱ्या उतरायच्या. उलट स्थानिक रेल्वे पाचही गावांना टाके घालत जाते आणि एका गावाहून दुसऱ्याला पाच-सात मिनिटांत पोचवते. नीसहून मोनाको आणि माँताँमार्गे इटलीच्या सीमेवरच्या वेंतिमिलियाला जाणारी लोकल तर पाण्याला इतकी खेटून धावते की ते दृश्य गाडीवाल्यांच्या नशिबी नाही. पूर्वेला जाताना उजवीकडची खिडकी पकडा.

तेव्हा माझा बेत असा. बार्सिलोना आणि अमाल्फी, दोन्ही टोकं कापा. मार्सेलिसला उतरा, दोन रात्री. मग गाडी घ्या आणि कासीला दोन रात्री. पाचव्या दिवशी सकाळी हायवेने दीड-पावणेदोन तासांत साँ-राफाएल गाठा, तिथे जेवा, आणि दुपारची उन्हं उतरताना एस्तेरेलचा रस्ता घेऊन संध्याकाळी नीस. नीसला तीन रात्री. त्यातली एक सकाळ गाडी कॉर्निशवर न्या आणि दुपारी नीसलाच परत देऊन टाका. मग रेल्वेने इटली आणि चिंक्वे तेर्रेशेजारच्या लेव्हान्तोला तीन रात्री. परतीचं विमान जेनोव्हा, पिसा किंवा मिलानहून, जे स्वस्त पडेल ते. चार मुक्काम, दहा रात्री, आणि गाडी जेमतेम चार दिवस.

गाडी नीसलाच परत करण्यामागे आणखी एक हिशेब आहे. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली तर जो जादा आकार लावतात, तो कधी कधी गाडीच्या भाड्यापेक्षा मोठा असतो. बार्सिलोनाला घेऊन नेपल्सला सोडायचा भाव काढायला नवऱ्याला सांगा. त्यांना पटवायचं अर्धं काम तो आकडाच करेल.

पश्चिमेकडून पूर्वेला जायचं, हेही मुद्दाम. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. पूर्वेला जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे तुमच्याच बाजूला; थांबायच्या जागाही त्याच बाजूला, समोरची वाहतूक कापून जावं लागत नाही. उलट्या दिशेने गेलात तर प्रत्येक सुंदर वळण पलीकडच्या लेनमध्ये.

या बेतात खोट नाही असं नाही. रेल्वेचा दिवस सामानामुळे जड जाईल. वेंतिमिलियाला गाडी बदलावी लागते, पुढे जेनोव्हालाही बहुधा बदलावीच लागेल, आणि सत्तरीची माणसं, आठ वर्षांचं मूल आणि पाच बॅगा घेऊन फलाट बदलणं ही कसरतच. त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका. सामान प्रत्येकी एक लहान बॅग, चाकांची. हा नियम गाडीसाठीही लागू: पाच सीटांची गाडी म्हणजे पाच माणसं आणि पाच मोठ्या बॅगा नव्हेत. सात सीटांची घेतली तर सामान मावतं, पण जुन्या गावांतल्या भुयारी पार्किंगमध्ये तिला वळवताना घाम फुटतो. एवढं सगळं ऐकूनही रेल्वे नकोच वाटली तर गाडी नीसला न देता सोबत ठेवा, लेव्हान्तोपर्यंत न्या, तिथे तीन दिवस उभी करा आणि परत नीसला आणून द्या. खर्च वाढतो, एक दिवस जातो, पण सामान उचलावं लागत नाही. सासऱ्यांची पाठ कशी आहे यावर ठरवा.

इटलीत गाडी नेणाऱ्या सगळ्याच वाचकांना सांगते: जुन्या शहरांच्या वेशीवर 'झेडटीएल' अशी पाटी दिसली, पांढऱ्या पाटीवर लाल गोल असला, की आत जाऊ नका. तो स्थानिक रहिवाशांसाठी राखीव भाग. तिथे पोलीस नसतो, कॅमेरा असतो, म्हणून आपल्याला काही झालंसं वाटतच नाही. आमच्याकडे एकदा सहलीचे फोटोसुद्धा विसरून झाल्यावर लिफाफा आला: एकाच गल्लीत दोनदा शिरल्याबद्दल दोन दंड. वर पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल गाडीवाल्यांनी कार्डावरून परस्पर कापलेली फी वेगळी. हॉटेल त्या भागातच असेल तर हॉटेलवाल्यांना आधी विचारा, ते गाडीचा नंबर नोंदवून देऊ शकतात.

लेव्हान्तो का, हेही सांगायला हवं. पाच गावांपैकी एखाद्यात राहण्याचा मोह होतो, पण तिथे राहणं म्हणजे पायऱ्या. कोर्निल्याच्या स्टेशनपासून गावात चढायला पावणेचारशेच्या वर पायऱ्या आहेत. लेव्हान्तो सपाट आहे, समोर पुळण आहे आणि मोन्तेरोसो रेल्वेने पाच मिनिटांवर. आई-बाबांना मोन्तेरोसो आणि व्हेर्नात्सा दाखवा. दोन्हीकडे स्टेशनातून उतरून समुद्रापर्यंत फारसं चढावं लागत नाही. कोर्निल्या सोडून द्या, काही बिघडत नाही. मुलासाठी एक गंमत: लेव्हान्तोहून बोनासोलाकडे जुन्या रेल्वेमार्गाचे बोगदे आता सायकलचा रस्ता झालेत. सपाट, सावलीचा, मध्ये मध्ये समुद्राच्या खिडक्या. सायकली भाड्याने मिळतात.

मे महिना उत्तम. फक्त पहिला पंधरवडा गाठायचा प्रयत्न करा. कानचा चित्रपट महोत्सव मेच्या मध्यावर सुरू होतो, मोनाकोची मोटार शर्यत मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला असते, आणि त्या दिवसांत या पट्ट्यातली हॉटेलं हाताला लागत नाहीत. तारखा बघूनच तिकिटं काढा. एक मेला फ्रान्स जवळजवळ बंद असतो. त्या दिवशी पोचू नका. पाणी मेमध्ये गारच असतं, मुलाला डुंबायचं असेल तर पाय भिजवण्यावर समाधान. ज्यांना पोहायचंच आहे त्यांनी सप्टेंबर धरावा. ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नये, असं मी पैज लावून सांगेन.

सासूबाईंच्या जेवणाची काळजी तुम्ही पत्राच्या कोपऱ्यात लिहिलीत, पण सहल त्यावर तरते किंवा बुडते. या बाबतीत हा किनारा तुमच्या बाजूचा आहे. नीसला 'सोक्का' मिळतो: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल, मीठ. मोठ्या तव्यावर, लाकडाच्या भट्टीत भाजलेला, वर मिरपूड. आई पहिल्या घासाला म्हणतील, "अगं, हे तर धिरडं!" सीमा ओलांडली की हाच पदार्थ 'फारिनाता' होतो. लिगुरिया हे पेस्तोचं घर. बेझिल, लसूण, पाइनच्या बिया यांची ती चटणी पास्त्यात बटाटा आणि कोवळ्या फरसबीबरोबर देतात. त्यातलं पार्मेजान चीज मात्र वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध फाडणाऱ्या द्रव्याने, बनतं. हे आईंना सांगायचं की नाही, तुमच्या घरचा प्रश्न. मी असते तर सांगितलं असतं. आणि पिसालादिएर नावाचा कांद्याचा पाव दिसायला सोज्वळ असला तरी त्यावर अँकोव्हीचे मासे असतात. फ्रेंचमध्ये 'साँ व्याँद, साँ प्वासों', मांस नको, मासे नकोत, एवढं पाठ करून ठेवा. गाडी लागण्याच्या गोळ्या इथूनच न्या.

कागदपत्रांचं झटकन सांगते. शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त रात्री मुक्काम त्या देशाकडे मागायचा असतो. माझ्या बेतात फ्रान्समध्ये सात, इटलीत तीन, म्हणजे फ्रान्स. म्हणून मार्ग ठरल्याशिवाय अपॉइंटमेंट घेऊ नका. मात्र मार्ग लवकर ठरवा, कारण अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्याच्या तारखा भराभर संपतात. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५. आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना वर्षभर चालतो, फी हजार रुपयांच्या आसपास. सोबत मूळ परवानाही हवाच. गाडीचं डिपॉझिट चालकाच्या स्वतःच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवतात, डेबिट कार्ड दाखवलं तर काउंटरवरून परत फिरायची वेळ येते. ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात, आधी सांगून ठेवा, कारण डावीकडे बसून उजव्या हाताने गिअर टाकणं पहिल्या दिवशी नको. मुलासाठी उंची वाढवणारी बूस्टर सीट मागा. आणि सामान गाडीत ठेवून फिरायला जाऊ नका, दहा मिनिटांसाठीसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी नवऱ्याला एकट्याला गाडी आणू द्या. तासभर मोकळ्या रस्त्यावर हात बसू दे, वळण्याचा दिवा द्यायला जाऊन दोन-चारदा वायपर फिरू दे. गोल चौकात आत असलेल्या गाडीचा हक्क पहिला आणि लोक तो खरोखर पाळतात, याचीही सवय व्हायला वेळ लागतो. त्या तासात गाडीत सूचना देणारं कुणी नसावं. हे तुमच्या संसारासाठी सांगतेय.

आता पटवण्याचं. "हे झेपणार नाही" असं म्हणालात की तुम्ही हौस नसलेल्या ठरता. ते बोलणं संपलेलंच आहे. त्याऐवजी त्यांच्याच शीटमध्ये एक रकाना वाढवायला सांगा: 'उजेडात गाडीबाहेर किती तास'. रोजचा आकडा त्यांनी स्वतः भरायचा. माणूस आकड्यांवर प्रेम करणारा दिसतोय, सातव्या ओळीपर्यंत बोलणं तेच सुरू करतील. आणि त्यांच्याकडून काढून घेताय तेवढंच देऊही नका, जास्त द्या. नीसची ती कॉर्निशची सकाळ त्यांची. साडेसहाला मुलाला मागे बसवून ग्रांद कॉर्निशवर जाऊ दे, रस्ता रिकामा असतो. आई-बाबा आणि तुम्ही तोवर नीसच्या जुन्या बाजारात, कूर सालेयाला, फुलं बघत फिरा. (सोमवारी नको, त्या दिवशी तिथे जुन्यापुराण्या वस्तूंचा बाजार असतो.) वळणं ज्याला आवडतात त्याला मिळाली, ज्यांना लागतात त्या खाली राहिल्या.

आणि मार्सेलिस.

तुमच्या सासऱ्यांच्या वयाचा मराठी माणूस मार्सेलिस का म्हणतो, हे तुम्हाला ठाऊक असणार. ८ जुलै १९१० च्या सकाळी सावरकरांनी 'मोरिया' बोटीच्या पोर्टहोलमधून याच बंदरात उडी मारली, किनारा गाठला, पकडले गेले आणि पुन्हा ब्रिटिशांच्या ताब्यात दिले गेले. फ्रान्सच्या भूमीवरून त्यांना असं परत देणं कायदेशीर होतं का, हा वाद हेगच्या लवादापर्यंत गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. शाळेत शिकलेली ती उडी पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी मनात पाहिलेली आहे. सावरकरांच्या राजकारणाबद्दल घरोघरी मतं वेगवेगळी, तुमच्याही घरी असतील. पण सासऱ्यांनी मागितलंय ते पाण्याकडे बघत घालवायचा एक तास. पाच जणांच्या बेतात त्यांची मागणी इतकी लहान, तीही 'जमलं तर' लावून, आणि नेमकी तीच बायपास झाली. वयस्कर माणसं 'जमलं तर' म्हणतात तेव्हा ते वाक्य बहुधा बऱ्याच वर्षांचं असतं.

सगळे पर्यटक जुन्या बंदरावर जातात, तुम्हीही जाल. पण त्या काळच्या मोठ्या आगबोटींसाठी त्याच्या उत्तरेला जॉलिएतच्या गोद्या बांधलेल्या होत्या. जुन्या बंदराच्या तोंडाशी साँ-झाँ किल्ला आहे आणि त्याला पुलाने जोडलेलं २०१३ मध्ये उघडलेलं म्युसेम हे संग्रहालय. त्याच्या गच्चीवर आणि किल्ल्याच्या आवारात जायला तिकीट लागत नाही. तिथून एका बाजूला जुनं बंदर दिसतं आणि दुसऱ्या बाजूला जॉलिएतकडच्या धक्क्यांवर लागलेल्या मोठ्या फेरीबोटी. संध्याकाळी बाबांना तिथे घेऊन जा. मुलालाही. गोष्ट सांगायचं काम बाबांचं; तुम्ही दोघं थोडं लांब बसा.

शेवटचं तुमच्याबद्दल, कारण पत्रात तुम्ही स्वतःला नकाशा धरणारी म्हणून लिहून मोकळ्या झालात. पुण्यात रोज गाडी चालवणारी बाई, जिथे दुचाकी डावीकडून, रिक्षा उजवीकडून आणि कुणीतरी समोरून उलटं येतं, ती एस्तेरेलच्या रिकाम्या रस्त्याला का घाबरते? खरोखर नको वाटत असेल तर नको. पण "तिकडे मी नाही" हे तुम्ही ठरवलंय की घरात ते आपोआप ठरलंय, एवढं एकदा तपासा. कारण एक साधा हिशेब आहे. तिकडच्या गाडीत ड्रायव्हर डावीकडे बसतो, आणि पूर्वेला जाताना समुद्र उजवीकडे. म्हणजे ज्या माणसाने हा किनारा बघायला ही सगळी उठाठेव केली, तोच पाण्यापासून सर्वात लांब, आणि त्याचे डोळे वळणावर.

आरटीओत जाल तेव्हा दोघांचेही परवाने काढा. गाडीच्या कागदावर दुसरा चालक म्हणून तुमचं नाव घाला. थोडे पैसे पडतात. साँ-राफाएलहून निघाल्यावर पहिल्या मोठ्या थांब्याला गाडी बाजूला घ्यायला सांगा, किल्ली मागून घ्या आणि त्यांना उजवीकडे बसवा.